तनुजाच्या आलेखावरचा डोंगर

"तुझी बहीण नेमकं करते काय?" हा प्रश्न मला सिल्लोड तालुक्यातल्या झाडून सगळ्या गोठ्यांत विचारून झालाय. माझा हात गाईच्या मागं कोपरापर्यंत गेलेला, गाय लाथ झाडायच्या बेतात, आणि मालक शेपूट धरून निवांत विचारतो, "व्हय आकाश, तनुजाचं शिक्षण अजून चालूच हाय का?" आता यावर माणसानं काय बोलावं?

माझं काम कृत्रिम रेतनाचं. साध्या भाषेत, मी गाई भरवतो. मोटारसायकलला मागं नायट्रोजनची कॅन बांधलेली असते आणि तिच्यात रेताच्या कांड्या बुडवलेल्या. नायट्रोजन म्हणजे हवेतलाच वायू, पण इतका गार केलेला की पाण्यासारखा ओतता येतो. बोट घातलं तर बोट गेलंच म्हणून समजा. या नायट्रोजनपायीच मी तनुजाच्या भौतिकशास्त्रात ओढला गेलो. नायतर बारावी सायन्सला माझे जे दिवे लागले होते, ते बघता त्या विषयानं मला दारातसुद्धा उभं केलं नसतं.

तर ती काय करते ते सांगतो. एकदाच सांगतो, नीट ऐका.

एक काळा चकचकीत दगड असतो, अभ्रकासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांचा. लोखंड, फॉस्फरस आणि गंधक काचेच्या नळीत बंद करून भट्टीत शिजवलं की तो तयार होतो. तनुजा त्याला सेलोटेप लावून सोलते. व्हय, आपला साधा सेलोटेप. सोलत सोलत डोळ्याला दिसणार नाही इतका पातळ पापुद्रा करते, आणि त्याच्यावर हिरवा लेझर सोडते. दगडातले अणू गप बसलेले नसतात, सारखे थरथरत असतात. त्या थरथरीनं परत येणाऱ्या उजेडाचा रंग जरासा बदलतो. किती बदलला ते मशीन मोजतं आणि कॉम्प्युटरवर आलेख काढतं. त्या आलेखावर बारीक बारीक शिखरं दिसतात. एकेक शिखर म्हणजे थरथरीचा एकेक प्रकार.

आता गंमत अशी, की या दगडाला गार करत गेलं की एका ठराविक थंडीला त्याच्या आतले अणूएवढे चुंबक एकदम शिस्तीत ओळीनं उभे राहतात. ते उभे राहिले की थरथर बदलते, शिखरं बदलतात. नेमकी कशी बदलतात, पापुद्रा पातळ केला तर काय होतं, हा माझ्या बहिणीचा विषय. यातून काय मिळणार, हे मला विचारू नका. मी तिला एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, "कळणार." मी म्हटलं, "काय कळणार?" तर म्हणाली, "हेच, कसं होतं ते." झालं समाधान!

आमचं घर बौद्ध. आमच्या बापानं, कडुबा त्यांचं नाव, सूतगिरणीत हमाली करून आम्हाला शिकवलं. मी लवकर थांबलो, तनुजा थांबायचं नावच घेईना. एमएस्सी झाल्यावर संभाजीनगरच्या एका कॉलेजात, नाव नाही सांगत, टाकळकर सरांनी तिला पीएचडीला घेतलं. सर म्हणजे कडक माणूस. कपाळावर रोज सकाळी कुंकवाचा लालभडक टिळा, पांढरा शर्ट, आणि तोंडात सारखं, "घाई करू नकोस." बाकीच्या गाईडांनी तनुजाच्या इंग्रजीवर नाकं मुरडली होती. सर म्हणाले होते, "मशीनला इंग्रजी येत नाही, चल." लेझरची रेघ सरळ कशी करायची ते त्यांनी तिचा हात धरून शिकवलं. हे मी मुद्दाम आधी सांगतोय, कारण पुढं मी त्या माणसाबद्दल जे बोलणार आहे ते ऐकून तुम्हाला वाटेल की मला त्यांच्यात काही चांगलं दिसलंच नाही.

पण खरं सांगू का, त्या लॅबनं माझ्या बहिणीचा नुसता जीव खाल्ला. दगड गार करायचा तर थंड कोठी पाहिजे. तिची मागणी केली तर फाईल फिरत राहिली. मंजूर झाली तर चुकीचं मॉडेल आलं. ते परत पाठवलं, दुसरं आलं, तर त्याची काच तडकलेली. भट्टी तापवली की लाईट गेलीच. नळीतला दगड अर्धवट शिजून राख. आई म्हणायची, "पोरगी वाळत चाललीय, लग्नाचं बघा." मी म्हणायचो, "आधी ती कोठी येऊ दे, मग नवरा येऊ दे." घरात कुणाला हसू यायचं नाही.

शेवटी गेल्या पावसाळ्यात ती कोठी आली एकदाची. डब्याएवढी कोठी, आत तांब्याची छोटी चकती. चकतीवर नमुना ठेवायचा, कोठी बंद करायची, बाहेरून नायट्रोजन ओतायचा, की चकती गार होते आणि नमुनाही गार. सगळं आलं आणि नायट्रोजनवाल्यानं कॉलेजला येणं बंद केलं. "एवढ्याशा कॅनसाठी आम्ही गाडी पाठवत नाही," म्हणाला. तनुजाचा फोन आला तेव्हा रडायचीच बाकी होती. मी म्हटलं, "अगं येडे, तुझा दादा रोज काय बांधून फिरतो मागं?"

तेव्हापासून दर गुरुवारी मी सिल्लोडवरून जळगाव रोडनं कॅन घेऊन कॉलेजात. वॉचमन पहिल्या दिवशी म्हणाला, "क्या है भाई इसमें?" मी म्हटलं, "बैल." त्यानं रजिस्टर पुढं करायच्या आधीच मला आत सोडलं.

आता मुद्द्याची गोष्ट. दसऱ्याला आमचं अख्खं घर नागपूरला, दीक्षाभूमीवर. वर्षात एकदा आम्ही तिथं जाणार म्हणजे जाणार. त्यामुळं खंडेनवमीला तनुजा लॅबमध्ये कधीच नसते. त्या दिवशी लॅबमध्ये मशीनची पूजा होते, सगळीकडंच होते, त्यात काही विशेष नाही. हार, झेंडूची फुलं, नारळ.

आधीचे गुरुवार कोठी जोडून तपासण्यातच गेले होते, नागपूरहून परत आल्यावर तिनं पहिल्यांदा नमुना थंड कोठीत ठेवून मोजला. आणि आलेखावर शिखरांच्या खाली एक मोठा डोंगर वर आला. पसरट, गोल, एखादं घमेलं पालथं घालावं तसा. जसजसा नमुना गार होत गेला, तसतसा डोंगर मोठा होत गेला.

सरांनी तो बघितला आणि खुर्चीतून उठले. म्हणाले, "तनुजा, हे चुंबकांचं आहे. सगळे चुंबक मिळून डोलताहेत, त्या डोलण्याचा हा डोंगर. असा या दगडात कुणालाच दिसलेला नाही!" दुसऱ्या दिवशी विभागात पेढे. सर जूनअखेर निवृत्त होणार होते, आणि जाता जाता हातात असं घबाड! त्यांनी पेपर लिहिला, पाठवला, तो स्वीकारलाही गेला. प्रबंधात तनुजाचं सगळ्यात मोठं प्रकरण त्या डोंगराचं. मे महिन्याच्या आत प्रबंध दिला की जूनमध्ये सरांच्या सहीनं डॉक्टर. आमच्या बापानं तर गावात सांगूनच टाकलं. बुद्धविहारात सत्कार कधी ठेवायचा, इथपर्यंत चर्चा गेली.

तनुजाच्या तोंडावर मात्र आनंद नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, "दादा, डोंगर फार रुंद आहे. आणि चुंबक ज्या थंडीला ओळीत उभे राहतात त्याच्या लई आधीपासून तो वाढायला लागतो. नेमक्या त्या थंडीला काहीच होत नाही." मी म्हटलं, "सरांना सांगितलं का?" म्हणाली, "सांगितलं. म्हणाले, तयारी आधीपासून होत असते."

मी म्हटलं, असेल बाबा. आपल्याला काय कळतंय.

फेब्रुवारीतला गुरुवार. दुपारची वेळ, मी कॅन घेऊन पोचलो. तनुजानं एक रिकामी चिप, म्हणजे जिच्यावर पापुद्रा ठेवतात तो सिलिकॉनचा तुकडा, तसाच कोठीत ठेवला. दगड नाही, पापुद्रा नाही, काही नाही. मी नायट्रोजन ओतला. ती कॉम्प्युटरपुढं बसली. जरा वेळानं म्हणाली, "दादा, इकडं ये."

बघतो तर डोंगर.

"ह्याच्यावर काहीच नाहीये," ती म्हणाली. "मग हा आला कुठून?"

कोठी उघडायला तासभर थांबावं लागतं. उघडल्यावर कापसाला स्पिरिट लावून ती चकती घासायला लागली. वरून चकती लख्ख होती. पण स्क्रूच्या खाचेत कापूस फिरवला आणि बाहेर काढला, तर कापसाच्या टोकाला गुलाबी रंग.

तिनं लॅबमधल्या पुंडलिकमामांना हाक मारली. मामा लॅबचं सगळं बघतात, भला माणूस. तिनं कापूस दाखवून विचारलं, तर म्हणाले, "कुंकू असेल ना ते. खंडेनवमीला सरांनी लावलं होतं. नवी कोठी आली म्हणून उघडून, आत चकतीवर बोट टेकवलं. जिथं काम होतं तिथंच लावायचं असतं ना ताई, नांगराला फाळावर लावतो तसं. मी नंतर स्पिरिटनं पुसून घेतलं की चांगलं."

पुसून घेतलं! पुसलं कसलं, फासलं. बाजारातलं ते लालभडक कुंकू काही हळदीचं नसतं, त्यात कपड्याचा रंग असतो. तो स्पिरिटमध्ये विरघळतो. पुसल्यावर डोळ्याला दिसेना, पण चकतीवर सगळीकडं पसरला. आणि नमुना बसवताना तनुजा स्पिरिटचा थेंब टाकायची, तशी पद्धतच आहे. त्या थेंबात रंग उतरायचा आणि नमुन्यावर चढायचा. वरून हिरवा लेझर पडला की तो रंग स्वतःच पेटल्यासारखा चमकणार, आणि जितका गार तितका जास्त चमकणार. चुंबक-बिंबक काही नाही. जगाला दाखवलेला डोंगर म्हणजे सरांच्या बोटाचं कुंकू!

मला हसू यायला पाहिजे होतं. माझं डोकंच बधिर झालं. आम्ही गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेतला आणि मी तिला स्पष्ट सांगितलं.

"तनुजा, गप राहायचं. मेपर्यंत गप राहायचं, डिग्री घ्यायची आणि मग काय ती सत्याची पूजा बांधायची ती बांध."

"दादा..."

"दादा नाय नि फादा नाय. तू काय सांगणार सरांना? तुमच्या कुंकवानं घाण केली म्हणून? आपण कोण आहोत माहितीये ना? उद्या अख्खं कॉलेज म्हणेल, हिला कुंकवाचा राग, म्हणून कुंकवावर ढकललं. कोण तुझा आलेख बघणार आहे? लोक तुझं आडनाव बघतील."

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "दादा, एखाद्याला गीर जातीच्या बैलाची कांडी दाखवून तू दुसरीच भरतोस का?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"भरतोस का?"

"आजपर्यंत नाय भरली."

"वासरू झाल्यावर मालकाला कळतंच ना?"

"कळतंच की."

"मग झालं," ती म्हणाली आणि उठली.

अशी मूर्ख मुलगी! मला इतका राग आला होता की चहा तसाच टाकून मी गाडीला किक मारली. अर्ध्या वाटेवर आठवलं, कॅन लॅबमध्येच राहिली. तिच्यात माझ्या कांड्या. परत वळलो. शिव्या देत देत, पण वळलो.

मी लॅबमध्ये शिरलो तर सर आलेले. तनुजाचं त्यांना सगळं सांगून झालं होतं. सरांचा चेहरा असा, की वाटलं आता हिला हाकलतात.

"तुझा या गोष्टींवर विश्वास नसेल," सर म्हणाले, "पण म्हणून..."

"सर, विश्वासाचा नाही, चकतीचा प्रश्न आहे," तनुजा म्हणाली. "चकती मी पूर्ण धुतलीय. नवीन नमुना ठेवते. तुम्ही स्वतः मोजा."

त्यांनी स्वतः मोजलं. नायट्रोजन मी ओतला. शिखरं आली, बारीक, टोकदार. एका थंडीला नवीन शिखरं उगवली, ती उगवायलाच पाहिजे होती, ती सगळ्या जगाला माहितीयेत. खालची जमीन सपाट. डोंगर गायब.

"हा नमुना वेगळा असेल," सर म्हणाले.

सर कॉम्प्युटरकडं बघत बसले. मग त्यांनी एक काम केलं, जे मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांनी टेबलावरची कोरी काच घेतली. उजव्या हाताचं बोट स्वतःच्या कपाळाला लावलं, टिळ्यावर, आणि ते बोट काचेवर टेकवलं. काच भिंगाखाली ठेवली. लेझर सोडला.

डोंगर आला. कोठी नाही, थंडी नाही, तरी असा आला की आलेखात मावेना.

सरांचा टिळा फिसकटून भुवईपर्यंत आला होता. त्यांनी लेझर बंद केला. मग म्हणाले, "पेपर मागे घेतो. चूक माझी आहे, तनुजा. मी सगळ्यांना सांगेन. पण मला सांगू दे. तू कुणाकडे काही बोलू नकोस. योग्य वेळी मी बोलेन."

"हो सर," तनुजा म्हणाली.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणाला मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. स्वतःच्या कपाळाचं कुंकू काढून स्वतःचाच डोंगर पाडणं, कुणाची छाती होते? येताना मी गाडीवर तिला म्हटलं, "तुझे सर मोठा माणूस आहे गं." ती मागं कॅन धरून बसली होती, रडत होती, पण ते रडणं चांगलं होतं.

पेपर त्यांनी खरंच मागे घेतला. प्रबंधाचं मोठं प्रकरण गेलं. नव्यानं सगळं मोजून मे गाठणं शक्यच नव्हतं. आणि निवृत्त झाल्यावर सरांना गाईड राहता येणार नव्हतं, तसा तिथला नियम. म्हणजे तनुजाला दुसरा गाईड शोधणं आलं. त्या मशीनवरचं काम जाणणारं विभागात दुसरं एकच माणूस होतं, विभागप्रमुख संध्या मॅडम. त्यांनी घेतलं तर वर्षभरात प्रबंध होईल. नाहीतर इतक्या वर्षांचं सगळं मातीत.

योग्य वेळ मात्र येईना.

सर कुणाला काही बोललेच नाहीत. पेपर का मागे घेतला असं कुणी विचारलं की म्हणायचे, "नमुन्यात दोष निघाला." नमुना कुणी बसवला? तनुजानं. एवढ्यावर बाकीच्यांनी बाकीचं जोडून घेतलं. तनुजाचं काम गचाळ, तिच्यामुळं सरांची निवृत्तीच्या तोंडावर नाचक्की झाली, अशी बोंब विभागभर. पुंडलिकमामांना माहीत होतं, पण त्यांना वाटायचं, पुसलं आपणच, बोललो तर नोकरीवर येईल.

तनुजा संध्या मॅडमकडं गेली. मॅडम वाईट नाहीत, सरळ बोलल्या. "तनुजा, तू मेहनती आहेस. पण ज्या मुलीकडून साधी स्वच्छता राहिली नाही, तिच्या मोजणीवर मी सही कशी करू? टाकळकर सरांनी तुझ्याबद्दल काही सांगितलं तर मी विचार करेन."

म्हणजे सगळं सरांच्या एका वाक्यावर आलं. तनुजा त्यांच्याकडं गेली. "हो हो, वेळ येऊ दे," म्हणाले. परत गेली. "मी बोलणार आहे, तू काळजी करू नकोस." मी म्हटलं, "मी जातो आणि गचांडी धरून बोलायला लावतो." तर ही मलाच डोळे दाखवते. "दादा, मी शब्द दिलाय." अरे, तुझा शब्द आणि त्यांचा काय, पाचोळा? घरी बाप विचारतो, सत्कार कधी. गोठ्यात मालक विचारतो, झाली का डॉक्टर. माझं डोकं असं फिरलेलं असायचं की एकदा भर गोठ्यात मी मालकाला म्हटलं, "तुमच्या गाईची गोष्ट करा, ती तिसऱ्यांदा उलटलीय." बिचारा गप झाला. गाय उलटणं म्हणजे गाभ न जाणं. त्याचीही काही चूक नव्हती.

जून संपत आला. सरांचा निरोप समारंभ गुरुवारीच निघाला, म्हणून मी कॅनसकट हजर. सभागृह भरलेलं. शाल, श्रीफळ, मानपत्र. तनुजा माझ्या कानात म्हणाली, "आज बोलतील. आज शेवटचा दिवस आहे, आज बोलतीलच." तिचा चेहरा बघवत नव्हता, इतकी आशा.

आता आपल्याकडं पाहुण्याचं औक्षण करायचं तर ताट मुलीच्या हातात द्यायचं, ही पद्धत. निवेदन करणारा म्हणाला, "सरांची विद्यार्थिनी तनुजा सरांना कुंकुमतिलक लावेल." कुणी ठरवलं, देव जाणे! पुंडलिकमामा ताट घेऊन आले. निरांजन, फूल, आणि कुंकवाची पितळी डबी. डबी सरांच्या ड्रॉवरमधली, जिच्यातून ते रोज टिळा लावायचे आणि खंडेनवमीला मशीनला लावलं होतं, तीच. विभागात दुसरी होतीच कुठं?

तनुजा ताट घेऊन सरांपुढं उभी राहिली. सरांनी सवयीनं मान पुढं केली. तिनं डबी उचलली. उघडली. आत बघितलं. मग झाकण लावलं, डबी कुर्त्याच्या खिशात टाकली, आणि नुसतं फूल सरांच्या हातात दिलं.

माझ्या मागच्या रांगेतून एक बाई हळूच म्हणाल्या, "त्यांच्यात चालत नाही ना." दुसऱ्या म्हणाल्या, "मग ताट घ्यायचंच कशाला? निदान आजच्या दिवशी तरी..." माझे कान तापले. पुढच्या रांगेत संध्या मॅडमनी पण वळून बघितलं. मी आणि पुंडलिकमामा सोडले, तर सगळ्या सभागृहात एकाच माणसाला माहीत होतं, तिनं टिळा का लावला नाही ते. तो माणूस फूल हातात धरून खाली बघत होता.

मग सर माईकवर आले. मशीन कसं आणलं ते सांगितलं. कोठीची फाईल कशी फिरली ते सांगितलं, लोक हसले. विद्यार्थ्यांची नावं घेतली. तनुजाचंही घेतलं. ती खुर्चीच्या टोकाशी सरकून बसली. माझा हात तिनं घट्ट धरला.

"संशोधनात चुका होतात," सर म्हणाले. "विद्यार्थ्यांच्या हातून होतात. शिक्षकानं मोठ्या मनानं त्या सांभाळून घ्यायच्या असतात. मी आयुष्यभर तेवढंच केलं."

टाळ्या. दणदणीत टाळ्या!

तनुजानं माझा हात सोडला. उठली आणि बाहेर गेली. मी मागं धावलो. व्हरांड्यात ती भिंतीला पाठ लावून उभी होती. आजपर्यंत मी तिला रडताना बघितलं होतं, ओरडताना कधी नाही.

"एक वाक्य होतं, दादा!" ती ओरडली. "एक वाक्य! चकतीवर कुंकू मी लावलं होतं. एवढंच. एवढंच म्हणायचं होतं त्यांना!"

मला पाहिजे तेवढ्या शिव्या येतात, त्या दिवशी एक आठवेना.

तिनं ओढणीनं तोंड पुसलं. खिशातून ती डबी काढली आणि म्हणाली, "कॅन भरलेली आहे ना?"

"आहे की."

"लॅबमध्ये आण."

आणि ती परत सभागृहाकडं गेली. दारातच संध्या मॅडम हातात पेढ्याची डिश घेऊन उभ्या होत्या. तनुजा म्हणाली, "मॅडम, दहा मिनिटं लॅबमध्ये येता?"

"आत्ता?"

"आत्ताच, मॅडम. नंतर माझं धाडस होणार नाही."

मॅडमनी डिश टेबलावर ठेवली. का आल्या कुणास ठाऊक, पण आल्या. तनुजानं आधी स्वच्छ चकतीवर रिकामी चिप ठेवली आणि मोजली. सपाट रेघ. मग डबीतलं चिमूटभर कुंकू काचेवर घेतलं, स्पिरिटचा थेंब टाकला, कापसानं पुसून टाकलं. काच कोरी दिसायला लागली. मॅडमना हातात देऊन दाखवली. भिंगाखाली ठेवली.

डोंगर. तोच, पसरट, गोल.

मॅडम खुर्चीत बसल्या. त्यांनी मागे घेतलेल्या पेपरचा आलेख काढायला सांगितला, तनुजानं तो शेजारी लावला. काच तशीच चकतीवर बसवून मी नायट्रोजन ओतला. गार होत गेली तसा डोंगर वाढत गेला, पेपरात वाढला होता तसाच. मॅडम कधी हा आलेख बघत, कधी तो.

"हे चकतीवर गेलं कसं?" त्यांनी विचारलं.

"खंडेनवमीला. मी नागपूरला होते."

"आणि ही डबी कुणाची?"

तनुजानं माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडणार होतो, तिनं मान हलवली. मलाही तिनं ते बोलू दिलं नाही.

"सरांची," ती म्हणाली.

सभागृहातून अजून टाळ्यांचा आवाज येत होता. मॅडमनी हातानं डबीचं झाकण लावलं.

"फेब्रुवारीपासून तुला हे माहीत होतं? मग माझ्या केबिनमध्ये आलीस तेव्हा का नाही बोललीस? मी तुला काय काय बोलले!"

तनुजा लेझर बंद करत होती. तिनं वळून बघितलं नाही.

"सर सांगणार होते, मॅडम," ती म्हणाली.